लाव्यांच्या मोसमातलं जाकीट

आता आम्ही ऑकलंडला राहतो, हिल्सबरोत. दाराशी बस, कोपऱ्यावर डेअरी, म्हणजे आपलं किराणा-दुधाचं दुकान, सगळं हाताशी. तरी मे महिना लागला, इथली थंडी सुरू झाली, सकाळी खिडकीची काच धुरकट दिसायला लागली, की मला टौरंगाची आठवण येते आणि जीव नुसता कासावीस होतो. बाकीच्यांना तिथला समुद्र आठवतो. मला आठवतात किवीफळांच्या बागांमागच्या काटेरी टेकड्या, आमची शेजारीण, तिची कुत्री, आणि एक साधं बिनबाह्यांचं नारिंगी जाकीट घेताना झालेला सगळा तमाशा.

दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं होती ती. नवरा बंदरावर इंजिनियर, मी हॉस्पिटलच्या फार्मसीत. शेजारी सत्तरी ओलांडलेली एक बाई एकटी राहायची. उंचीने माझ्याएवढीच, म्हणजे बुटकी, पण आवाज फौजदाराचा. नवरा केव्हाच वारलेला, मुलं ऑस्ट्रेलियात. सोबतीला एक तपकिरी-पांढरी स्पॅनियल कुत्री. थंडी सुरू झाली की दर शनिवारी ही बाई बंदूक घेऊन लावे मारायला जायची. लावा म्हणजे ओंजळीत मावेल एवढा पक्षी, कपाळावर पुढे झुकलेला तुरा. कुत्री झुडपात शिरायची, लावे भर्रकन उडायचे, बाई नेम धरायची, आणि पडलेला पक्षी कुत्री तोंडात अलगद धरून तिच्या हातात आणून द्यायची. दातांची खूणसुद्धा उमटायची नाही. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडात बोट घातलं होतं.

मी तिच्याबरोबर कशी जायला लागले? माझ्या तोंडामुळे! एकदा कुंपणापाशी गप्पा मारताना मी आपलं बोलायचं म्हणून बोलले, ‘मलाही ने की कधी.’ ती म्हणाली, ‘शनिवारी सहाला तयार राहा.’ झालं. बंदुकीला मी कधी हात लावला नाही. माझं काम हमालीचं. पाणी, सँडविच आणि पडलेले पक्षी वाहायचे. माहेरी आमच्याकडे दर रविवारी मटण शिजायचं, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नव्हतं. सासर मात्र एकदम उलटं, चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद. नवरा म्हणाला, ‘झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतेस आणि तू निघालीस शिकारीला?’ मी म्हटलं, झुरळ वेगळं. झुरळ अंगावर येतं.

पहिला मोसम मी पाठीवर दप्तर अडकवून काढला. खांदे सोलून निघाले, आणि प्रत्येक पक्ष्याला ते उतरव, चेन उघड, परत चढव. शेजारीण वैतागायची. ‘पुढच्या वर्षी नीट जाकीट घे,’ तिने बजावलं. ‘नारिंगी. झुडपात तू मला दिसली पाहिजेस. आणि मागे खिसा असलेलं.’ या जाकिटांना पाठीवर, कमरेच्या जरा वर, एक भलामोठा खिसा असतो, बाजूने उघडणारा. पक्षी त्यात सरकवायचा आणि चालू पडायचं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. त्यामुळे जाकीट बघायला दुकानात आम्ही दोघी गेलो. अहो, काय सांगू! सगळी जाकिटं सहा फुटी बाप्यांसाठी शिवलेली. सगळ्यात लहान म्हणून जे दिलं ते माझ्या मांडीपर्यंत आलं, आणि मागचा खिसा तर नको तिथे लोंबायला लागला. मी उतरवणार तेवढ्यात सासूबाई भर दुकानात म्हणाल्या, ‘थांब. हात वर कर. आता पुढे वाक. आता उकिडवी बस.’

‘आई, लोक बघतायत.’

‘बघू देत. नुसतं उभं राहून कोणतंही कापड चांगलंच दिसतं.’

बसले उकिडवी. जाकीट वर सरकून हनुवटीला लागलं. विक्रेता गालातल्या गालात हसत होता. एवढं होऊनही सासूबाईंचा शेवटचा सल्ला काय, तर ‘थोडं मोठंच घे गं. आत स्वेटर बसेल, आणि पुढेमागे अंगही सुटेल.’ माझं डोकंच फिरलं. काही न घेता घरी आलो. घरी नवरा म्हणतो, ‘बंदरावरची नारिंगी जाकिटं घरात पडलीयेत ढिगाने, त्यातलंच एक घाल की.’ त्याला काय जातंय! त्या प्लास्टिकसारख्या कापडात माणूस उकडून निघतो आणि खिसा म्हणाल तर पेनापुरता.

शेजारणीला हे सांगितलं तर ती खो खो हसली. मग आत गेली आणि खुंटीवरचं स्वतःचं जाकीट काढून माझ्या हातात दिलं. जाड किंतानासारख्या कापडाचं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं, तिने तिच्या मापाला कापून घेतलेलं. ‘हे घाल. खिशात पाण्याच्या बाटल्या भर आणि रविवारी दिवसभर टेकडीवर चढ-उतर कर. आरसा काही सांगत नाही, टेकडी सांगते,’ ती म्हणाली. ‘मग जा दुकानात.’

गेले बाई. आणि खरंच, दुपारपर्यंत मला सगळं उमगलं. ओझं खांद्यावर आलं की मान धरते. कमरेला रुंद पट्टा आवळला की तेच ओझं कमरेवर बसतं आणि खांदे मोकळे राहतात. काखेत कापड जास्त असेल तर काटेरी झुडपं ते पकडून ठेवतात. मागचा खिसा अंगाला चिकटून हवा, नाहीतर प्रत्येक पावलाला पाठीवर थपडा बसतात. आणि मोठं तर मुळीच घ्यायचं नाही. स्वेटर गेला खड्ड्यात, चढ सुरू झाला की कोणाला लागतोय स्वेटर! संध्याकाळी घरी आले तेव्हा पाय दुखत होते, पण पाठ अगदी ठणठणीत होती. फार खूश होते मी त्या दिवशी.

आणि इथेच घोळ झाला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

सोमवारी मी कामावर होते. सासूबाईंनी ते जाकीट धुतलं, उन्हात वाळवलं, घडी घातली, आणि परत द्यायला निघाल्या. आता आपल्याकडे दुसऱ्याची वस्तू रिकामी परत देतात का? साखरेची वाटी आली तर जाताना तिच्यात निदान चार करंज्या तरी पडतात. सासूबाईंनी जाकीट उलटसुलट करून पाहिलं, तर पाठीवर हा एवढा मोठा खिसा! रिकामा कसा द्यायचा? आदल्याच दिवशी त्यांनी रव्याचे लाडू केले होते. साजूक तुपातले, आणि हात सैल सोडून बेदाणे घातलेले. कागदात गुंडाळून लाडू त्या खिशात भरले. शेजारीण घरी नव्हती. तिच्या मागच्या व्हरांड्यातल्या खुंटीवर त्यांनी जाकीट अडकवलं आणि समाधानाने परत आल्या.

मी घरी पोचले तर शेजारीण कुंपणावर हात टेकून हसत उभी. ‘किया ओरा!’ तिने इथला माओरी नमस्कार ठोकला. ‘तुझ्या सासूने माझ्या कुत्रीला पार्टी दिली आज. मी आंघोळीला गेले तेवढ्यात हिने जाकीट ओढून खाली पाडलं आणि सगळं साफ केलं!’ तिच्या हातात तो तुपकट कागद होता. कागदाला दोन बेदाणे चिकटलेले होते.

 आमच्या फार्मसीतल्या एकीने काही दिवसांपूर्वीच चहा घेताना सांगितलं होतं की द्राक्षं, बेदाणे कुत्र्याला घालू नका, मूत्रपिंडं निकामी होतात.  मी फक्त ‘गाडीत बस, गाडीत बस’ म्हणत सुटले. सासूबाई ओट्यावरून धावत आल्या. ‘काय झालं? अगं, काय झालं?’ मी सांगितलं. त्या होत्या तशा, घरातल्या चपला घालून गाडीत बसल्या. ज्या बाईने कुत्र्याला कधी अंगणाच्या आत घेतलं नव्हतं, तिने ती कुत्री वाटभर मांडीवर घेतली.

जनावरांच्या डॉक्टरने कुत्रीला उलटी करवली, सलाइन लावलं आणि ठेवून घेतलं. ‘बरंचसं बाहेर आलंय,’ तो म्हणाला. ‘पण वय झालंय तिचं. वाट बघायची.’

शेजारीण आरडाओरडा करेल असं मला वाटत होतं. केला असता तर बरं झालं असतं. ती परतताना खिडकीबाहेर बघत राहिली. घर आल्यावर म्हणाली, ‘तुझ्या सासूला माहीत नव्हतं. तिला रडू नको म्हणून सांग.’ आणि मग उतरता उतरता, ‘पण आता नवं पिल्लू वाढवायचं माझं वय नाही. ही गेली की मी बंदूक पोलिसांकडे जमा करणार. कुत्रीशिवाय टेकडीवर जाऊन काय करू?’

हे मी सासूबाईंना सांगितलं नाही. पण त्या काय दुधखुळ्या होत्या? रात्री जेवल्या नाहीत. ‘मुक्या जिवाला विष घातलं मी,’ एवढंच म्हणत होत्या. नवऱ्याने समजावलं, मी समजावलं. शेवटी मला राग आला आणि मी म्हटलं, ‘आई, तुम्ही मुद्दाम केलंत का? मग जेवा आता.’ त्यावर त्या उठून देवासमोर जाऊन बसल्या.

कुत्री काही दिवसांनी घरी आली. तपासण्या बऱ्या निघाल्या, धोका टळला असं डॉक्टर म्हणाला. पण कुत्री कशालाच तोंड लावेना. मागच्या पायरीवर पडून राहायची, डोळे अर्धे मिटलेले, शेपटीची हालचाल नाही. सासूबाईंनी डॉक्टरला विचारायला लावलं आणि रोज मऊ भात, बिनमिठाचा, गुरगुट्या करून न्यायला लागल्या. वाटी समोर ठेवायच्या आणि पायरीवर बसायच्या. शेजारीणही शेजारी बसायची. एक मराठीत बोलायची, एक इंग्रजीत, आणि दोघी एकमेकींना मान डोलवायच्या. कुत्री वाटीकडून तोंड फिरवायची. रोज मी कामावरून येताना त्या दोन पाठमोऱ्या म्हाताऱ्या दिसायच्या आणि मला रडूच यायचं. 

लाव्यांचा मोसम मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी उघडणार होता. त्याच आठवड्यात शेजारीण मला म्हणाली, ‘शनिवारपर्यंत बघते. तोपर्यंत उठली नाही तर डॉक्टरला बोलावते, शेवटचं इंजेक्शन द्यायला. नुसतं ओढत ठेवणं मला पटत नाही.’ या वेळी मी सासूबाईंना सांगितलं. लपवून काय उपयोग होता?

 त्या म्हणाल्या, ‘तिला म्हणावं, शनिवारी कुत्रीला टेकडीवर घेऊन चल. आजारी माणसाला त्याच्या आवडत्या जागी नेलं की निम्मं दुखणं पळतं. माझ्या आईला आम्ही असंच कोकणात नेलं होतं.’

शेजारीण आधी नाहीच म्हणाली. कुत्री गाडीत पडून राहणार, मग झुडपातून लावे उठवणार कोण?

‘मी आहे ना!’ सासूबाई म्हणाल्या. ‘जन्मभर गच्चीवर पापड-कुरडया राखल्यात मी. पाखरं हाकलायला मला कोणी शिकवायला नको.’

मी थक्क झाले. ‘आई, पाखरं उडाली की ती मारणार आहे त्यांना. कळतंय ना?’

‘कळतंय,’ त्या म्हणाल्या. ‘तू भाषांतर कर.’

मी केलं. शेजारणीने सासूबाईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, ‘स्वीट ॲज.’ म्हणजे झकास.

शुक्रवारी कामावरून सुटून मी सरळ दुकानात गेले. तोच विक्रेता होता. या वेळी मी कोणाची भीड बाळगली नाही. बायकांच्या मापाचं एक जाकीट कोपऱ्यात लोंबत होतं, ते चढवलं. फळीवरच्या पाण्याच्या बाटल्या उचलून मागच्या खिशात कोंबल्या, कमरेचा पट्टा आवळला, हात वर केले, वाकले, उकिडवी बसले, उठले, दुकानाला दोन फेऱ्या मारल्या. हनुवटीला लागलं नाही. काखेत बोचलं नाही. ओझं बरोबर कमरेवर बसलं. ‘हे द्या,’ मी म्हटलं. एरवी किती आनंद झाला असता! पण तेव्हा मनात एकच, उद्या काय होतंय.

सकाळी धुकं होतं. शेजारणीच्या यूटमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या तिच्या गाडीत, आम्ही घोंगडीवर कुत्रीला ठेवलं. टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावली. कुत्रीने डोकंसुद्धा उचललं नाही. शेजारीण तिच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि बंदूक उचलून निघाली.

सासूबाईंनी सलवार-कमीजवर नवऱ्याचं बंदरावरचं जाकीट चढवलं होतं, गुडघ्यापर्यंत आलेलं. हातात काठी. शेजारणीने त्यांना आपल्या डाव्या बाजूला, एका ओळीत ठेवलं आणि खुणेने बजावलं की पुढे जायचं नाही. आम्ही तिघी चालायला लागलो. सासूबाई झुडपांवर काठी आपटत होत्या आणि ओरडत होत्या, ‘हाऽऽड! हुश्श! चला, निघा!’ शेजारीण बंदुकीसकट हसायला लागली. मलाही हसू आवरेना. महिन्याभरात पहिल्यांदा हसलो असू आम्ही.

आणि तेवढ्यात भर्रकन थवा उठला. शेजारणीचं हसू तिथल्या तिथे थांबलं. बंदूक खांद्याला लागली. एकच बार. एक लावा हवेत गचका खाऊन ब्लॅकबेरीच्या जाळीत पडला.

आम्ही शोधायला लागलो. जाळी अंगापेक्षा उंच, काटे बोटभर. शेजारणीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मारलेला पक्षी सापडला नाही तर तिला फार लागायचं. ‘मारायचा आणि सोडून द्यायचा, हे पाप आहे,’ ती नेहमी म्हणायची. कुत्री असती तर क्षणात आणला असता. तिने दोनदा हात घातला आणि मागे घेतला. ‘उगाच आले मी,’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

‘मला दिसलाय,’ सासूबाई म्हणाल्या. ‘तिकडे नाही, त्या वाळक्या फांदीखाली.’ मी अडवायच्या आत त्या वाकून जाळीत शिरल्या. ओढणी काट्यांना अडकली, ती तशीच तिथे सोडून दिली. बाहेर आल्या तेव्हा हातांवर रक्ताचे ओरखडे होते आणि ओंजळीत तो लावा होता. आयुष्यात कधी अंड्याला हात न लावलेली ती बाई. त्या माझ्या मागे आल्या आणि पक्षी हळूच माझ्या जाकिटाच्या खिशात ठेवला.

‘अजून ऊब आहे गं त्याला,’ त्या म्हणाल्या.

मला ती ऊब पाठीला लागत होती.  शेजारणीने बंदूक रिकामी करून मधोमध दुमडून हातावर टाकली, आणि आम्ही तशाच खाली उतरलो. पुढे जायची इच्छा तिघींनाही नव्हती.

गाडीपाशी पोचल्यावर शेजारणीने हौद्याची मागची फळी पाडली. मी दमून त्या फळीवर टेकले, कुत्रीकडे पाठ करून. पाण्याची बाटली उघडत होते. तर मागे काहीतरी हललं. मला वाटलं सासूबाई आहेत. पण सासूबाई समोर उभ्या होत्या आणि त्यांनी तोंडावर हात घेतला होता.

‘हलू नकोस,’ शेजारीण दबक्या आवाजात म्हणाली.

माझ्या पाठीशी ओल्या नाकाची फुसफुस ऐकू आली. मग जाकिटाला एक हिसका बसला, खिशाची बाजू वर उचलली गेली आणि माझ्या पाठीवरचं ते छोटंसं ओझं नाहीसं झालं.  कुत्री माझ्या अंगाला घासून पुढे आली. पाय लटपटत होते. फळीवरून उतरायला तिला जमेना, तरी ती उतरली, एकदा पडली, उठली, आणि शेजारणीच्या समोर जाऊन बसली. तोंडात लावा होता. शेजारणीने हात पुढे केला आणि कुत्रीने पक्षी त्या हातावर ठेवला. शेपूट गवतावर आपटायला लागली.

शेजारीण खाली बसली. एवढी फौजदारासारखी बाई, कुत्रीच्या मानेत तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली. सासूबाई तिच्याजवळ जाऊन चिखलातच बसल्या, तिच्या खांद्याभोवती हात टाकला आणि तिला थोपटायला लागल्या. मग मान वर करून मला म्हणाल्या, ‘तिला सांग ना गं, आता रडू नको म्हणावं.’